बडग्याचे मुखवटे

२ जुलै १९६७

आज दारावर पाटी लागली. ‘सौ. गोपिकाबाई मुखवटेवाल्या, इतवारी.’ पिवळ्यावर लाल अक्षरं. आनंदराव भाऊजींनी रंगाऱ्याकडून करवून आणली आणि स्टुलावर चढून स्वतः खिळे ठोकले. भांडवल त्यांचं, साचे त्यांचे, गिऱ्हाइकं त्यांनी आणलेली, तरी नाव माझं. यांनी विचारलंच की बाबा, तुझं नाव काहून नाही? भाऊजी म्हणाले, वहिनीच्या हाताला यश आहे. महापालिकेचा कागदसुद्धा माझ्याच नावानं केलाय. मी ठळक सही ठोकली. सातवी पास झाल्यापासून माझी सही कोणी मागितली नव्हती. धाकटा दीर असावा तर असा.

हे पाटीकडे बघून आत गेले आणि बंद मागावरची धूळ पुसत बसले. स्वतःचा हातमाग बंद पडला म्हणून बायकोची पाटी सहन होत नाही. मला इतका राग आला की रद्दीचा लगदा कुटायला घेतला. उखळात यांचं तोंड आहे असं समजून मुसळ मारलं. लगदा फार छान झाला.

ही डायरी भाऊजींनीच दिली. रोज लिहीन असं नाही.

१६ जुलै

नवी पॉलिश आली. रुपराव भंगारवाल्याकडे टॉकीजमधली जुनी फिल्मची रिळं येतात. ती कापून थिनरमध्ये भिजत घातली की पाकासारखी विरघळतात. मुखवट्यावर एक हात मारला की असा चकाकतो, मुंबईच्या विकतच्या मालानं झक मारावी. वास पिकल्या केळ्यांसारखा येतो. डोकं मात्र ठणकतं.

रिळं द्यायला रुपराव स्वतः आला होता. मी चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवत होते. तो दारातूनच म्हणाला, “वहिनी, थो डबा तिथं चुलीपाशी...” तेवढ्यात भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला चहा पाजायला घेऊन गेले. भंगारवाल्याला हाताला धरून चहा पाजणारा माणूस अख्ख्या इतवारीत सापडायचा नाही. परत आल्यावर भाऊजींनी पॉलिशचा डबा माडीवर हलवला. खाली माझी जागा अडते म्हणाले.

६ ऑगस्ट

प्रयागबाई येऊन बसली. आमच्या भिंतीला तिची भिंत, पण गेल्या दिवाळीपासून ती कोणाकडे जात नव्हती. गेल्या वर्षी मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस होता. पीडा घेऊन जा म्हणत जाळतात तो गल्लीचा पुतळा, बडग्या, कसाबसा पेटला, पण पोरांचे मुखवटे भिजून धुपत राहिले, जळलेच नाहीत. पुढे दिवाळीत तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय की मुखवटा जळला नाही म्हणून पीडा गल्लीबाहेर गेली नाही, तिच्याच घरात शिरली. यंदा बडग्यापुढे नाचायला तिचा चंद्रभान जाणार आहे. एकुलता एक. माझ्याच ओट्यावर वाढलेला पोरगा, मला मावशी म्हणतो.

ती म्हणाली, “गोपिके, मले असा मुखवटा दे जो एका झटक्यात जळून गेला पाहिजे. तुकडाही उरला नाही पाहिजे.”

मी तिच्यादेखत साच्यात फुटलेला एक मुखवटा चुलीत टाकला. पॉलिश केलेला होता. भक्कन पांढरा जाळ उठला आणि माझ्या कपाळावरचे केस करपले. बघता बघता राखसुद्धा राहिली नाही. आम्ही दोघी टाळ्या पिटून हसलो. प्रयागबाई इतक्या महिन्यांनी हसली. तिच्यासमोर देवाला हात जोडले की यंदा हिची इडापिडा पार जाऊ दे.

भाऊजींना सांगितलं तर त्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले, हे गिऱ्हाइकांना बोलू नका, धंद्याची गोष्ट घरात राहिलेली बरी.

२७ ऑगस्ट

माल हातोहात चाललाय. आज दोन गल्ल्यांच्या पोरांत माझ्याच दारात जुंपली. लाल डोळ्यांचा राक्षस दोघांनाही पाहिजे होता. एकानं सायकलची चेन काढली, दुसऱ्याचं डोकं फुटलं, ओट्यावर रक्ताचा सडा. मी मुसळ घेऊन मधे पडले आणि दोघांनाही एकेक ठेवून दिली. तेव्हा कुठे गप्प बसले. राक्षस दोघांनाही दिला नाही, तो चंद्रभानसाठी ठेवला.

संध्याकाळी त्याच्या तोंडाला लावून पाहिला. गेल्या वर्षी धक्काबुक्कीत सगळ्यांचे मुखवटे गळून पडले होते, म्हणून यंदा मी मागाच्या सुताची पिळदार दोरी लावलीय आणि गाठ कोष्ट्याची. जितकी ओढाल तितकी आवळते, काढायची तर मागून टोक हळूच उलटं सरकवावं लागतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्यांदा हीच निरगाठ शिकवली होती. चंद्रभान म्हणाला, “मावशी, ढिला नको बांधू वं. गर्दीत पडला तं पोट्टे हसतील मले.” मी म्हटलं, तुझा बाप आला तरी सुटायची नाही. जीभ चावली, पण तो हसला.

५ सप्टेंबर, मारबत

चंद्रभान जळाला. हात भाजलेत, लिहवत नाही.

७ सप्टेंबर

आज लिहिते, डाव्या हाताची बोटं बरी आहेत आणि मी डावरी आहे.

आमच्या गल्लीची रीत अशी की बडग्या पेटेपर्यंत नाचणाऱ्यांनी तोंड दाखवायचं नाही. जाळ वर चढला की आगीकडे पाठ करून उभं राहायचं, मुखवटा काढून मागच्या मागे आगीत भिरकवायचा आणि वळून न बघता घरी चालू लागायचं. म्हणून पोरं जाळाला खेटून उभी असतात. दरवर्षीच असतात.

एक ठिणगी उडाली. चंद्रभानच्या कानाजवळ पडली असेल. चुलीत पाहिला होता तोच पांढरा जाळ, पण आता त्याच्या खांद्यांवर. त्यानं दोन्ही हातांनी मुखवटा ओढला. ओढला तशी गाठ आवळली. तो गरागरा फिरत पळाला आणि लोकांना वाटलं, हेही सोंगच आहे. ढोलवाले जोरात वाजवू लागले. लोक शिट्ट्या मारत होते. त्याच्या ओरडण्यावर माणसं हसत होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी त्याला पाडला आणि गाठीला हात घातला. सुटेना. दातांनी धरली, सुटेना. माझीच गाठ. शेवटी यांनी पानठेल्यावरची कात्री आणून दोरी कापली. मुखवटा निघाला, त्याच्याबरोबर काय निघालं ते मी लिहिणार नाही. बाकीच्या पोरांनी मुखवट्यांसकट नाल्यात डोकी बुडवली म्हणून ती वाचली.

प्रयागबाई बाजूलाच उभी होती. तिनं मला एकच विचारलं, “बांधला कोणं?”

९ सप्टेंबर

काल सकाळी लोक आले. प्रयागबाईचे दोन भाऊ पुढे, मागे आमचीच गल्ली. पाटी उखडून तिचे तुकडे केले. साचे फोडले, उखळ रस्त्यात नेऊन आपटलं, माग कुऱ्हाडीनं तोडला. हे दारात आडवे उभे राहिले. मी ओरडत होते की बाजूला व्हा, पण हा माणूस हलला नाही. काठीनं यांचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मीही मुसळ फिरवलं आणि एकाचा कान फुटला. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

केसाला धरून मला ओट्यावरून खाली ओढलं. कोणीतरी पॉलिशचा रिकामा डबा माझ्या डोक्यावर उपडा केला आणि काडी मागत होता. त्याला काडी मिळाली नाही, एवढीच माझी आयुष्याची दोरी.

नशीब, भाऊजी नव्हते. मारबतीच्या संध्याकाळीच वर्ध्याला गेले. माडीवरचा उरलेला मालही जाता जाता टेम्पोत घालून हलवला, म्हणून तेवढा वाचला. किती पुढचं पाहतात.

१४ सप्टेंबर

चार दिवस कोठडीत होते. फौजदारानं मुखवट्याचा जळका तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, दुकान कोणाचं? मी म्हटलं, माझं. कागद कोणाच्या नावानं? माझ्या. बांधला कोणी? मी. यावर बाईशिपायानं माझ्या मुस्काटात मारली. पोराच्या आईनं मारली असती तर बरं वाटलं असतं. निष्काळजीपणानं जबर दुखापत केली असं कलम लागलंय. भाऊजींनी वर्ध्याहून येऊन जामीन दिला.

आल्या आल्या त्यांनी रुपरावला गाठलं. भर बाजारात लोखंडी पट्टीनं मारला, समोरचे दात पाडले. यांनी पाहिलं. भाऊजी त्याच्या छातीवर बसून म्हणत होते, “तोंड उघडशील तं जीभ कापून टाकीन.” तोंड उघडून तो काय सांगणार होता ते मला कळलं नाही, पण रागात माणूस काहीही बोलतो. मला म्हणाले, यानंच खराब माल दिला. चंद्रभानसाठी कोणी तरी हात उचलला, मला तेवढंच समाधान.

यांना मात्र समाधान नाही. गळ्यात हात बांधून बसलेत. म्हणतात, वर्ध्याले काम काय होतं त्याचं? मी म्हटलं, सख्ख्या भावावर संशय घेता, लाज वाटू द्या.

२५ सप्टेंबर

भाऊजींचे वकील महाल वस्तीत राहतात. त्यांनी नीट समजावलं. विकणाऱ्याला वस्तू धोक्याची आहे हे माहीत असेल, तर घेणाऱ्याला सांगणं त्याच्यावर बंधनकारक. माहीत असून सांगितलं नाही तर मोठा गुन्हा. माहीतच नव्हतं तर कोर्ट विचारतं, माहीत करून घ्यायला पाहिजे होतं का. आणि सांगूनही घेणाऱ्यानं ऐकलं नाही तर दोष त्याचा.

म्हणून चिठ्ठ्या छापल्यात. ‘शोभेची वस्तू. तोंडावर बांधू नये. आगीपासून दूर ठेवावी.’ उरलेल्या मालावर आतून चिकटवायच्या आणि कोर्टात सांगायचं की पहिल्यापासून होत्या. मी विचारलं, पण चंद्रभानला तर मीच बांधला. वकील म्हणाले, तेही बोलायची गरज नाही, त्यानं स्वतः बांधला.

दिवसभर चिठ्ठ्या चिकटवल्या. खळीनं भाजलेल्या बोटांची आग आग झाली. चिकटवताना चुलीतला तो जाळ सारखा डोळ्यांपुढे येत होता. मला माहीत होतं का? जळतो हे माहीत होतं. माणूस जळेल हे डोक्यातच आलं नाही. जाळण्यासाठी केलेली वस्तू नीट जळाली म्हणून टाळ्या पिटल्या. मी इतकी मूर्ख कशी, असं म्हणून भिंतीवर डोकं आपटलं. हे उठून आले आणि एका हातानं मला धरून बसले.

८ ऑक्टोबर

सरकारी दवाखान्यात गेले. चंद्रभानचा एक डोळा गेला. तोंडाला फडकी गुंडाळली होती, त्यांना वास येत होता. त्यानं माझा आवाज ओळखला आणि खाटेच्या कडेला सरकला, भिंतीकडे. प्रयागबाईनं पायातली वहाण काढली आणि मला मारायला लागली. मी हात वर केला नाही. दमली तेव्हा म्हणाली की आनंदराव येऊन गेला, संत्री आणली आणि एका कागदावर तिचा अंगठा मागत होता. पोरगा दारू पिऊन आगीत गेला असं त्यात लिहिलं होतं, वॉर्डातल्या नर्सनं वाचून दाखवलं. तिनं संत्री खिडकीतून फेकली.

मी म्हटलं, वकिलानं चुकीचं लिहिलं असेल. भाऊजी असे नाहीत.

बाहेर रुपराव दिसला. मला पाहून रस्ता ओलांडायला लागला, तर मी कॉलर धरली. पडक्या दातांतून म्हणाला, “मी तं भाऊजीले पहिल्या दिवशीच सांगतलं होतं. आगीजवळ गेलं तं बारूद आहे म्हटलं. तुमालेही दारातून सांगत होतो, मले चहा पाजाले नेलं.” मी त्याच्या थोबाडीत मारली. खोटारडा मेला.

घरी येऊन जेवले नाही. चहाची गोष्ट त्याला कशी आठवली? ती तर खरीच आहे.

२९ ऑक्टोबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दिवाळी तोंडावर आहे. दिवाळीनंतर भंडाऱ्याकडच्या गावांत मंडया, म्हणजे जत्राच, भरतात, रात्रभर दंडारीचे नाच आणि नाटकं चालतात. तिथे मुखवटे खपतात. दुपारी भाऊजी गोंदियाच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले, टेम्पोतून हलवलेला माल दाखवायला. चिठ्ठ्या पुन्हा खरवडून काढल्या होत्या. मी विचारलं, काहून? भाऊजी हसून म्हणाले, चिठ्ठी वाचून कोण घेईल? त्या कोर्टासाठी होत्या.

मंडईत मशाली असतात. दंडारीत पोरं मशाल तोंडाजवळ धरून नाचतात. 

व्यापारी म्हणाला, नाचताना पडतो का? भाऊजींनी त्याच साच्यातला दुसरा लाल डोळ्यांचा राक्षस उचलून स्वतःच्या तोंडाला लावला आणि पाठ माझ्याकडे केली. “वहिनी, मारा गाठ. दाखवा शेठजीले.”

मी मारली. कोष्ट्याची. मग देवळीतली काडीपेटी घेतली, दार लावून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि काडी ओढली.

मला एवढंच पाहायचं होतं की भाऊजी घाबरतात का. ज्याला माहीत नाही तो काडीला घाबरत नाही. चंद्रभान जाळाला पाठ लावून हसत उभा होता. मी चुलीपुढे टाळ्या पिटत होते. आम्ही घाबरलो नाही, कारण आम्हाला माहीत नव्हतं.

भाऊजी मागच्या भिंतीवर जाऊन आदळले. दोन्ही हातांनी मुखवटा ओढायला लागले आणि गाठ आवळली. “काडी विझवा वहिनी, फिल्म आहे थे.”

मी म्हटलं, “मोठ्यानं सांगा भाऊजी. काय आहे?”

“फिल्म आहे, सेकंदात भडकते, रुपरावनं सांगतलं होतं मले. विझवा, पाया पडतो.”

“कधी सांगितलं?”

“रिळं आणली त्या दिवशी.”

काडी बोटापर्यंत आली, मी दुसरी ओढली. व्यापारी मागच्या दारानं पळाला. भाऊजी जमिनीवर पडून मुखवट्याला नखं मारत होते. हातातली काडी जवळ न्यावी असं मला वाटलं. खोटं का लिहू, फार वाटलं. चंद्रभान वॉर्डात भिंतीकडे सरकला तो डोळ्यांपुढे होता आणि माझा हात पुढे जात होता.

यांनी माझ्या मनगटाला धरलं आणि फुंकर मारली. मग कात्री आणून भावाची दोरी कापली. भाऊजींच्या नाकातून रक्त येत होतं. हे त्यांना म्हणाले, “तुह्यापायी हात मोडून घेतला मी, बावा. माह्या बायकोची पाटी होती म्हणून दारात उभा होतो. आता जाय इथून.”

हे एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. भाऊजी गेल्यावर मी यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मुखवटे मागच्या अंगणात पाणी ओतून, मुसळानं कुटून लगदा केले. हात सोलून निघेपर्यंत कुटले.

२२ नोव्हेंबर

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभी राहिले. भाऊजींच्या वकिलानं माझं वकीलपत्र सोडलंय, आता तो त्यांच्या बाजूनं आहे. मी सगळं सांगितलं. पाटी माझी, सही माझी, गाठ माझी. पॉलिशचं भाऊजींना माहीत होतं, मला नव्हतं, पण चुलीत जाळ मी पाहिला होता आणि कोणाला विचारलं नाही. चिठ्ठ्या मागून चिकटवल्या. साहेबांनी दोनदा विचारलं की बाई, हे बोललात तर तुम्हालाही सजा होऊ शकते, कळतं का? म्हटलं, कळतं. ज्यानं लपवलं त्याला होऊ द्या, आणि जिनं बांधला तिलाही होऊ द्या. ह्यात मी एकटी सुटले तर प्रयागबाईला तोंड कसं दाखवू?

रुपरावनं साक्ष दिली. दातांवाचून बोलला, लोक हसले, तेव्हा मी मागे वळून असं पाहिलं की गप्प झाले. कोर्टाबाहेर भाऊजींच्या माणसांनी त्याला पुन्हा मारलं. यावेळी मी त्याच्या पुढे उभी होते. खांद्यावर काठी बसली, हात वर जात नाही. भाऊजींवरही आता खटला आहे. निकाल पुढच्या वर्षी.

३ डिसेंबर

चंद्रभान घरी आलाय. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज येतो. गल्लीतली पोरं त्याच्या दारावरून पळत जातात.

दिवेलागणीला प्रयागबाई ओट्यावर आली. मला वाटलं, पुन्हा वहाण काढते. ती म्हणाली, “त्याच्या उरल्या डोळ्याची पापणी मिटत नाही. झोपताना पट्टी बांधा म्हणते डॉक्टर. माह्या हातची राती सुटते. चाल.”

मी म्हटलं, मी नाही बांधणार. ती म्हणाली, तूच बांधशील.

चंद्रभान खाटेवर बसला होता. त्याचं तोंड मी पहिल्यांदा उघडं पाहिलं. पाहत राहिले, नजर काढली नाही, तेवढं तरी मी त्याचं देणं लागते. पट्टी डोळ्यावर ठेवली तशी त्यानं खाटेची कड घट्ट धरली. मी दोन्ही टोकं मागे नेली आणि सुरगाठ मारली, एक टोक लांब ठेवून त्याच्या हातात दिलं.

“ओढून पाह्य,” म्हटलं.

त्यानं ओढलं. पट्टी सुटून मांडीवर पडली. त्यानं पट्टी उचलून माझ्याकडे केली. मी पुन्हा बांधली. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा बांधली, पुन्हा ओढली. कितीदा ते मोजलं नाही. प्रयागबाई दारात बसून होती. शेवटी त्यानं टोक मुठीत धरलं आणि तसाच आडवा झाला.

उद्या बोलावलंय.